कोणाला कळवावे

३ मार्च
दुकानातून

प्रिय बारके,

'पत्र पाहून घाबरू नकोस' असं लिहिणार होते, पण मीच इतकी घाबरलेय की तुला कोणत्या तोंडाने सांगू. फोन का नाही केला ते आधी सांगते. माझा फोन हल्ली निम्मा ठकीचा झालाय. "आई, काय आलंय ते वाचून दाखवते," म्हणते आणि मी चष्मा शोधेपर्यंत तिचं सगळं वाचून झालेलं असतं. म्हणून हे कागदावर. तूही उत्तर घरी पाठवू नकोस, दुकानाच्या पत्त्यावर पाठव. इथे माझ्या आणि शिलाई मशीनच्या शिवाय कोणी नसतं आणि मशीनला वाचता येत नाही.

काल घरी एक लिफाफा आला. वर तुझ्या ऑफिसचा शिक्का. ठकीनेच टपालपेटीतून काढून आणला आणि विचारलं, "आई, ही नमुना बँक म्हणजे आत्या कामाला आहे तीच ना? तुला कशाला पत्र पाठवतायत?" मी म्हटलं, "रक्तदानाची जाहिरात असेल, आत्याने माझं नाव दिलं असेल." ती हसली आणि डबा घेऊन कामाला गेली. ती दारातून बाहेर पडल्यावर मी लिफाफा फोडला.

आत लिहिलंय, 'दिवंगत दात्याच्या पत्नी या नात्याने'. पुढे लिहिलंय की दात्याच्या रक्ताच्या काही कुप्या आणि मेंदूचा एक तुकडा बँकेकडे सुरक्षित आहे, आणि नव्या कायद्यानुसार तो यापुढे ठेवायचा की नाही ते मी मे महिना संपायच्या आत कळवायचं आहे. मी ते तीनदा वाचलं. दाता म्हणजे तुझा दादा. माझा नवरा. त्याला निरोप दिला तेव्हा माझी समजूत अशी की सगळा माणूस गेला. इतकी वर्षं मी तसंच धरून चाललेय. आता हे लोक म्हणतायत की त्यातला थोडा अजून कुठल्यातरी बर्फात आहे.

तेव्हा मी सह्या केल्या होत्या, हे खरं. त्या आठवड्यात जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारलेली होती तिथे तिथे केल्या. कशावर केल्या ते मला आज विचारलंस तरी सांगता येणार नाही.

खरं सांग बारके. तो तिथे आहे का? आणि तुला माहीत होतं का?

बाकी दुकान ठीक. लोक हल्ली नवे कपडे शिवत नाहीत, जुने आखूड करून घेतात. दारावरची पाटी अजून तीच, दादाने रंगवलेली शेवटची, वाकड्या अक्षरांची. नवं गिऱ्हाईक पाटीकडे बघून हमखास म्हणतं, "बाई, तुमची शिवण तरी सरळ असते ना?" मीही हसते.

लवकर लिही. जीव टांगणीला लागलाय.

तुझी
वहिनी


९ मार्च

प्रिय वहिनी,

हो, तो आहे. आणि मला माहीत होतं. मी आजवर असंच समजत होते की तुलाही माहीत आहे, तू सही केलीस म्हणून. तू कधी विषय काढला नाहीस, तर मला वाटलं तुझ्याने बोलवत नसेल. म्हणून मीही तोंड उघडलं नाही. दोघी आपापल्या जागी शहाण्यासारख्या गप्प बसलो, झालं.

आमच्याकडे नमुन्यांना नावं नसतात, फक्त आकडे. कुठला आकडा कोणाचा हे मला कळायला नको, असा नियमच आहे. पण त्या आजाराचा आमच्या शीतकक्षात एकच नमुना आहे, मग न कळायला काय झालं? नमुने ठेवलेलं पिंप उघडलं की आतून पांढरा धूर येतो. कोपरापर्यंत मोजे चढवायचे, तोंडावर काच घ्यायची आणि नायट्रोजन भरायचा. त्या पिंपाजवळ गेले की मी मनातल्या मनात म्हणते, "काय दादा, गारठलास का?" कोणी ऐकलं असतं तर मला वेड्यातच काढलं असतं.

आता कायद्याचं सांगते, नीट वाच. पूर्वी एकदा सही घेतली की नमुना बँकेचा. कधीही वापरा, कशालाही वापरा, विचारायचं कोणाला नाही. तुझ्यासारख्या किती जणांनी कशावर सह्या केल्या होत्या त्यांनाच ठाऊक नव्हतं, म्हणून तर हा कायदा आला. आता ज्याचं शरीर त्याचा शब्द, आणि तो माणूस नसेल तर त्याच्या घरच्यांचा. पहिल्यांदा नवऱ्याला किंवा बायकोला विचारायचं. तू 'नाही' म्हणालीस तर तिथेच विषय मिटतो, नमुना नष्ट करतात आणि मुलांना पत्र जात नाही. तू 'हो' म्हणालीस तर मात्र सज्ञान मुलांनाही कळवावं लागतं, की वडिलांना कोणता आजार होता आणि नमुना कशासाठी ठेवलाय. आणि मुलांना आणखी एक प्रश्न असतो: पुढे तुमच्याविषयी काही सापडलं तर कोणाला कळवावे?

म्हणजे ठकीला कळणार. तुझ्या मनात हेच आलं असेल, मला माहीत आहे. तरी मी सांगते, हो म्हण. आमच्या डॉक्टरबाई दादाच्याच आजारावर काम करतात. मी सांगते म्हणून हो म्हण.

अक्षराला हसू नकोस. मोजे काढून लगेच लिहायला बसले, बोटं गारठलीत.

तुझी
बारकी


१५ मार्च

प्रिय बारके,

हसू नको म्हणालीस म्हणून हसले नाही, पण हे अक्षर म्हणायचं की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली? शाळेत अक्षराचं बक्षीस मिळवणारी तू. दोन ओळी तर मी खिडकीपाशी नेऊन वाचल्या.

आता माझं ऐक. माझं उत्तर 'नाही' आहे.

ठकीला काय ठाऊक आहे? बाबा शिडीवरून पडले, डोक्याला मार लागला, मग हळूहळू अंथरुणाला खिळले. यात खोटं काही नाही. तो पडला होताच. का पडला एवढंच मी सांगितलेलं नाही. आधी त्याच्या शर्टाची बटणं लागेनात, मग हातातला ब्रश सुटायला लागला, मग भलत्याच जागी हसायला लागला, हे सगळं शिडीच्या आधीचं. तेव्हा ती लहान होती. लोक म्हणायचे, पितो. तुझ्या वडिलांनाही लोक तसंच म्हणायचे, आठवतं? चालताना कसे हेलपाटायचे. आणि त्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी दारुड्या ठरवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जेव्हा सांगितलं की हा घरातून चालत आलेला आजार आहे आणि पुढेही जाऊ शकतो, तेव्हा ठकी बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती. मी बाहेर आले, तिचे पाय बघितले आणि त्या क्षणी तोंडाला कुलूप लावलं.

आज ती दातांच्या लॅबमध्ये काम करते. तांदळाच्या दाण्याएवढी खोटी दाढ घासून घासून अशी बनवते की माणसाच्या जिभेलाही कळत नाही. ते काम करताना ती हाताकडे बघत नाही, कामाकडे बघते. तुमच्या बँकेचं ते पत्र तिला आलं ना, की ती जन्मभर हाताकडे बघेल. पेला हातातून निसटला की तिला दुसरं काही सुचणार नाही. आणि तो चष्म्याच्या दुकानातला मुलगा, ज्याच्याशी लग्न ठरलंय, तो चांगला आहे, पण किती चांगला आहे हे मला तपासून बघायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी स्वतः काय करते ते तुला म्हणून सांगते. सकाळी ती चहा घेते तेव्हा कप बशीवर ठेवताना आवाज होतो का, तो मी ऐकते. रोज ऐकते. आवाज झाला की दिवसभर मशीनवरही तोच ऐकत बसते. ही भीती माझ्या एकटीची आहे, ती माझ्या एकटीपाशीच राहू दे.

तेव्हा तुमच्या त्या कायद्याने मला पहिल्यांदाच विचारलंय, तर मी पहिल्यांदाच समजून उमजून नाही म्हणते.

तुझी
वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. मध्ये बरंच काही झालं. माझी बदली झाली. आता मी शीतकक्षात नाही, बाहेर टेबलावर बसते, आलेलं टपाल उघडते आणि नोंदवते. खिडकी आहे, पंखा आहे, उबदार आहे. बढतीच समज. कॉम्प्युटर हाताशी आहे म्हणून हे पत्र टाइप करून पाठवते, म्हणजे तुला खिडकीपाशी जायला नको.

तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी भीती मला कळते. पण एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. हा आजार असलेली घराणी फार थोडी आहेत. दादाच्या पेशींमध्ये नेमकं काय बिघडलं होतं ते अजून सापडलेलं नाही. डॉक्टरबाई म्हणतात, जवळ आलोय. आता तो तुकडाच नष्ट झाला तर ते कधीच सापडणार नाही. मग उद्या ठकीने स्वतः येऊन म्हटलं, माझं रक्त बघा आणि सांगा, तरी रक्तात काय शोधायचं हे कोणाला माहीत नसेल. आहे असंही सांगता येणार नाही आणि नाही असंही.

वहिनी, 'नाही' सुद्धा निघू शकतं. याचा तू विचारच करत नाहीस. निम्म्या मुलांना हा आजार येतो आणि निम्म्यांना येत नाही. तू रोज कपबशीचा आवाज ऐकतेस, पण समज, तिला काहीच नसलं तर? तू जन्मभर फुकट ऐकत बसशील.

आणि असलं तर औषध शोधायला तरी कोणीतरी कुठूनतरी सुरुवात करायला हवी. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

विचार कर. माझ्यासाठी नको, ठकीसाठी कर.

बारकी


८ एप्रिल

ती. वन्सं यांस,

टाइप केलेलं पत्र मिळालं. एवढ्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच ऑफिसचं पत्र पाठवलंत, तेव्हा मीही तसंच लिहिते.

तुम्हांला टेबल मिळालं, अभिनंदन. आता टेबलाचीच भाषा येणार. तुमच्या बँकेला माल हवाय, तो एकच नग आहे, तो हातचा जाऊ नये म्हणून वरच्यांनी नणंदेला पुढे केलं असेल तर त्यांना सांगा की भावजयही काही काल जन्मलेली नाही. निम्म्यांना येतो, निम्म्यांना येत नाही, असं तुम्ही किती सहज टाइप केलंत. तुमच्या वडिलांना दोनच मुलं. त्यातला एक गेला. उरलेली तुम्ही धडधाकट आहात, म्हणून तुम्हांला अर्ध्यामुर्ध्याचा हिशेब सोपा वाटतो. मला मूल एकच आहे. एकाचं निम्मं कसं करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

माणूस घरातला आहे म्हणून मी मनातलं लिहिलं होतं. कप, बशी, सगळं. ते तुम्ही माझ्याच विरुद्ध वापरलंत याचं वाईट वाटलं.

नकाराचा कागद सही करून सोबत जोडला आहे. या वेळी प्रत्येक ओळ वाचून सही केली आहे. तुमच्या दादाला आता तरी सुखाने जाऊ द्या.

आपली,
भावजय


१५ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझा लिफाफा माझ्याच टेबलावर आला. दुसऱ्या कोणाच्या आला असता तर बरं झालं असतं.

खोटं नाही सांगत, तो उघडल्यावर मी तो बराच वेळ फाइलीखाली ठेवला होता. वाटलं, टपालात किती गोष्टी गहाळ होतात. मे महिना संपेपर्यंत ही हरवली असं म्हणता आलं असतं. मग मला तुझ्या त्या पेन्सिलीच्या फुल्या आठवल्या. तुला एकदा न विचारताच सगळं झालं होतं, दुसऱ्यांदा माझ्या हातून व्हायला नको. जेवणाच्या सुट्टीनंतर मी त्यावर शिक्का मारला आणि तो पुढे पाठवला.

आता पुढचं. नकार आला तरी लगेच काही करत नाहीत. जूनच्या शेवटापर्यंत थांबतात, कारण माणसं रागात नाही म्हणतात आणि मग परत येतात. तोवर तू एका ओळीने नकार मागे घेऊ शकतेस. घेतला नाहीस तर ठरलेल्या दिवशी दोन माणसं पिंपापाशी उभी राहतात. एक आकडा वाचतो, दुसरा तोच आकडा पुन्हा वाचतो, मग कुपी बाहेर काढतात. घरचं कोणी येणार असेल तर येऊ देतात. तू आली नाहीस तर मी उभी राहीन. तो एकटा जाणार नाही एवढं मी बघते.

माझ्या वरच्यांनी मला पुढे केलेलं नाही. त्यांना तू माझी वहिनी आहेस हे मी आजच सांगितलं, नियमाने सांगावं लागतं म्हणून. तुझा कागद यापुढे दुसरी बाई बघेल.

मीही माझं रक्त देऊन ठेवलंय. बहीण म्हणून. दोन भावंडांचं असलं की एकाशेजारी एक ठेवून बघता येतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. 'कोणाला कळवावे' याच्यापुढे मी 'कोणालाही नाही' असं लिहवून घेतलं. म्हणजे मलाही नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. तुला धीर देणारी मी, माझी ही गत.

रागावू नकोस. मला वन्सं म्हणू नकोस.

तुझी
बारकी

(खाली सही हाताने केली आहे. टाइप केलेल्या नावाने तुला परकं वाटलं असेल.)


४ मे

बारके,

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. मी उत्तर लिहिलं नाही, कारण पहिल्यांदा मी नुसतीच रागात होते. पत्र वाचून मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. शाळांचे गणवेश आलेत, त्यात मान वर करायला वेळ नव्हता.

परवा दोरा शोधताना ते वर आलं. खालची सही दिसली. मी सगळं बाजूला ठेवलं आणि ती सही बघत बसले. मी शिंपीण आहे. माझ्यासमोर एखादी टीप ठेव, शिवणाऱ्याचा पाय कुठे अडखळला ते मी सांगते. तुझ्या सहीतलं पहिलं अक्षर सरळ निघालंय. मग मध्ये रेघ काय करायचं ते विसरते, बाजूला जाते, एकदम आठवल्यासारखी परत येते.

ही रेघ मी पाहिलेली आहे. मी कागद घेऊन दुकानाबाहेर गेले. स्टुलावर चढले आणि तो पाटीला लावला, दादाने रंगवलेल्या शेवटच्या अक्षराशेजारी. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल बाई पाटीचं माप घेतेय. हातच्या काकणाला आरसा कशाला? रेघ एकाच हाताची वाटते बारके. तशीच निघते, तशीच विसरते, तशीच परत येते.

मी स्टुलावरून उतरले. आत येऊन मी दार लावून घेतलं आणि खाली बसले. गारठलेली बोटं. टाइप केलेलं पत्र. टेबलावर बदली. आणि मी तुला धडधाकट म्हणाले. मी तुझं अभिनंदन केलं.

मला खोटं नको. टाइपही नको. कोंबडीचे पाय चालतील. केव्हापासून?

वहिनी


११ मे

वहिनी,

हे लिहायला दुपार जाईल. थोडंच लिहिते.

गेल्या हिवाळ्यापासून. आधी बटणं. मला वाटलं थंडीने. मग मार्चमध्ये पिंपातून काढलेली एक पेटी हातातून सुटली. दादाची नव्हती. दुसऱ्या कोणाच्या तरी घरची माणसं होती तिच्यात. सगळ्या कुप्या फरशीवर. नशिबाने एकही फुटली नाही. कोणी मला बोललं नाही. दुसऱ्या दिवशी टेबल दिलं.

नाव कोणी घेतलेलं नाही. मी घेऊ दिलं नाही. डॉक्टरबाई माझ्याकडे बघतात आणि मी खिडकीकडे बघते. मला फार भीती वाटते वहिनी. सकाळी उठल्यावर डोळे मिटूनच हात पुढे धरते. मग उघडायचा धीर होत नाही.

दादाला तू सांभाळलंस. मी लग्नच केलं नाही. ते तेव्हा बरं वाटलं होतं, कोणाच्या गळ्यात पडायला नको म्हणून. आता घरात आवाज नसतो.

पण एक ऐक. माझी कीव येऊन हो म्हणू नकोस. ते म्हणजे परत पेन्सिलीची फुली. तुझं जे असेल तेच लिही. नाही असेल तर मी पिंपापाशी उभी राहीन म्हणाले ते राहीन. मला धरायला कोणीतरी लागेल एवढंच.

बारकी


२९ मे

प्रिय बारके,

तुझं पत्र मी जपून ठेवलंय. कोंबडीच्या पायांना मी यापुढे कधी हसणार नाही.

मी ठकीला सांगितलं.

कसं सांगायचं ते आठ दिवस ठरवत होते आणि ठरवलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. रविवारी ती घरी काम घेऊन बसली होती. दिवा जवळ ओढलेला, हातात ती दाढ. मी समोर जाऊन बसले आणि म्हणाले, "बाबा शिडीवरून पडले ते पाय घसरून नाही." बास. मग सगळंच आलं. तुझ्या वडिलांपासून तुझ्या सहीपर्यंत. मी बोलत असताना तिने हातातली दाढ एकदा खाली ठेवली नाही. घासत राहिली. मला वाटलं तिला ऐकूच येत नाहीये. मी थांबल्यावर तिने दाढ फडक्यावर ठेवली, दिवा बंद केला आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. बारके, ज्या नजरेला मी जन्मभर घाबरत होते ती हीच. ती बघितली आणि मी मेले नाही.

मग म्हणते, "तू सकाळी माझ्या चहाच्या वेळी स्वयंपाकघरात उभी का असतेस, ते मला आज कळलं. मला वाटायचं तुला माझ्याशी बोलायचं असतं."

मी उठून दिवा पुन्हा लावला.

दोन दिवस ती घरी चहा न घेताच कामाला गेली. तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्याला घेऊन आली. तिने त्याला सगळं सांगितलं होतं. तो बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मला विचार करायला वेळ लागेल, पण मी पळून जात नाहीये." ठकी म्हणाली, "पळायचं असेल तर आत्ता पळ, मला नंतर धावता येईल की नाही माहीत नाही." तो हसला नाही, ती हसली. पुढे काय होईल मला माहीत नाही. चांगला मुलगा आहे असं आजपुरतं म्हणते.

नकार मी मागे घेतलाय. सोबतचा कागद त्या दुसऱ्या बाईंकडे दे. तुझी कीव येऊन घेतलेला नाही, हे लिहून ठेवते. तू 'नाही सुद्धा निघू शकतं' लिहिलं होतंस ना, ते मी तेव्हा रागात ओलांडून पुढे गेले होते. आता ठकी समोर बसल्यावर ते मला परत सापडलं. माझ्या भीतीपायी तिचं ते 'नाही' मी पिंपातून काढून जाळून टाकणार होते.

ठकीचाही कागद सोबत आहे. तिने ऑफिसच्या पत्राची वाटही बघितली नाही, मला म्हणाली, कोरा कागद असेल तर दे. तुमच्या बाईंना चालत नसेल तर छापील पाठवायला सांग. नमुना ठेवा, वापरा, माझंही रक्त घ्या, असं तिने लिहिलंय. मग मला विचारलं, "आणि तो शेवटचा प्रश्न काय होता म्हणालीस?" मी सांगितलं, कोणाला कळवावे. तिने लिहिलं: फक्त मला. पेन थांबलं. मग पुढे लिहिलं: आईला कळवू नये.

मी म्हटलं, "ही शिक्षा आहे का?"

"नाही गं आई," म्हणाली. "मला असेल तर तुझ्याने बघवणार नाही आणि नसेल तर तुला आत्याकडे बघवणार नाही. जे निघेल ते आधी मला एकटीला कळू दे. सांगायचं तेव्हा मी सांगेन."

मी तिला इतकी वर्षं सांगितलं नाही, तेव्हा माझं कारण हेच होतं. शब्दही जवळजवळ हेच होते. म्हणून मला वाद घालता आला नाही. तिने माझ्यासमोर सही केली. मी ती बघितली नाही, बारके. खूप वाटलं, पण मान फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले, आणि तिने घडी घालून लिफाफा चिकटवला. तू उघडशील तेव्हा तुला दिसेल.

आता माझं ऐक. गणवेशांचं काम संपलं की मी दुकान बंद करून तुझ्याकडे येतेय. तुझं घर लहान आहे वगैरे सांगू नकोस. शिलाई मशीन मावेल एवढी जागा कर, बाकीचं मी बघते. तुझे सगळे शर्ट, कोट, बटणाचं जे जे काही असेल ते बाहेर काढून ठेव. तुझ्या दादाच्या प्रत्येक शर्टाची बटणं काढून मी आत दाबली की चिकटणारी आणि ओढली की सुटणारी पट्टी लावली होती आणि वरून तीच बटणं परत शिवली होती, नुसती दाखवायला. शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही की तो बटणं लावत नाही. तुझीही तशीच करते. हे काम मला येतं.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. तेच सगळं पुन्हा बघायचंय हे मला माहीत आहे. पण यावेळी बाजूला बसून आपल्या दोघींना बोलता येईल, तेव्हा मला कोणी नव्हतं.

एकच कबूल कर. ठकीच्या रक्ताचा निकाल आला की तो लिफाफा तुझ्याच टेबलावरून जाईल, आणि तुझ्या चेहऱ्यावरचं मला लगेच वाचता येतं. मी रोज तुझ्यासमोर बसून पट्ट्या शिवणार आणि रोज विचारणार, कसं विचारायचं ते बदलून बदलून विचारणार. रडेन, भांडेन, वन्संसुद्धा म्हणेन.

सांगू नकोस.

तुझी
वहिनी